पडत्या डब्यातले पाणी

नाशिकहून गंगापूर रोडने पश्चिमेकडे निघाले म्हणजे शहराची दाटी थोडी कमी होते आणि सोमेश्वर लागते. जवळच गोदावरी काळ्या कातळावरून खाली कोसळते. पावसाळ्यात वर गंगापूर धरणातून पाणी सोडले की ते पाहायला माणसांची रीघ लागते. त्या गर्दीतल्या एखाद्या शाळकरी मुलाला विचारा, "काय रे, पाणी खालीच का पडतं?" तो पटकन सांगेल, "गुरुत्वाकर्षणामुळे." परीक्षेत एवढ्याला पूर्ण गुण मिळतात. पण आपण थांबायचे नाही. "म्हणजे काय?" "म्हणजे पृथ्वी ओढते." "कशानं ओढते? दोर कुठं बांधलाय?" इथे मुलगा गप्प होतो, आणि बहुधा त्याचे गुरुजीही गप्प होतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. खुद्द न्यूटन या प्रश्नापाशी येऊन थांबला होता. ओढ किती, हे मी गणिताने सांगतो. ती कशामुळे, याबद्दल उगीच तर्क लढवणार नाही, अशी त्याची भूमिका होती.

मी कॉलेजात गणित शिकवतो. माझ्या अनुभवाने सांगतो, एखाद्या गोष्टीला नाव मिळाले की ती समजली असे आपल्याला वाटू लागते. आज आपण त्या नावाच्या मागे जायचे आहे. त्यासाठी प्रयोगशाळा नको. एक रिकामा पत्र्याचा डबा, एक खिळा आणि बादलीभर पाणी पुरे.

डब्याच्या तळाजवळ, बाजूला, खिळ्याने एक भोक पाडा. भोकावर बोट धरून डबा पाण्याने भरा आणि बोट काढा. पाण्याची धार लागेल. ती का लागते, हे विहिरीवर मोटार बसवणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. वरच्या पाण्याचा भार खालच्या पाण्यावर पडतो आणि ते भोकातून बाहेर ढकलले जाते. आता धार चालू असताना शाळेच्या माडीवरून हा डबा खाली सोडून द्या. खाली कोणी उभे नाही ना, एवढे मात्र आधी पाहा. डबा हातातून सुटला की धार बंद होते! भोक उघडेच आहे, डब्यात पाणीही आहे, पण जमिनीवर आदळेपर्यंत ते बाहेर येत नाही. आता मुलांना दुसरा प्रश्न घाला. डबा सोडण्याऐवजी जोराने वर फेकला तर? बहुतेक मुले म्हणतील की धार आणखी जोरात येईल. फेकून पाहा. हात सुटल्या क्षणापासून, डबा वर जात असतानासुद्धा, धार बंदच राहते.

या पाण्याच्या धारेत विसाव्या शतकातला एक फार मोठा विचार दडलेला आहे. पण त्याच्यापाशी जाण्याआधी न्यूटनचे देणे चुकवले पाहिजे.

न्यूटनचा ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला. वस्तू खाली पडतात हे त्याने शोधले, असे पुष्कळांना वाटते. ते तर गुराख्यालाही ठाऊक होते. न्यूटनने विचारले ते असे की, झाडावरून फळ पडते, मग आकाशातला चंद्र का पडत नाही? आणि त्याचे उत्तर असे की, चंद्रही पडतोच आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण जितके दूर आहोत, त्याच्या साठपट दूर चंद्र आहे. साठचा वर्ग ३६००. म्हणून तिथे ओढ ३६०० पटींनी कमी असायला हवी. आपल्याकडे सुटलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडतो. त्याचा ३६०० वा भाग म्हणजे दीड मिलिमीटरहूनही कमी. ज्वारीच्या दाण्याची जाडीही त्याहून जास्त भरेल. चंद्र एका सेकंदात सुमारे एक किलोमीटर पुढे सरकतो आणि तेवढ्या वेळात पृथ्वीकडे बरोबर इतकाच पडतो. म्हणूनच तो सुटून जात नाही आणि आपल्या अंगावरही येत नाही. फळाचा आणि चंद्राचा हिशेब एकाच वहीत मांडला, हे न्यूटनचे खरे मोठेपण.

आता कोणी म्हणेल, हे तर आपल्या भास्कराचार्यांनी आधीच सांगितले होते. भास्कराचार्य आपल्या शेजारचे म्हणायला हरकत नाही. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, उभारलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. इ. स. ११५० मधल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनी पृथ्वीच्या आकृष्टिशक्तीचा स्पष्ट उल्लेख केला आहे आणि पृथ्वी निराधार असूनही पडत कशी नाही, याचा विचार केला आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ओढ अंतराबरोबर किती कमी होते, हा हिशेब त्यांच्याकडे नाही, आणि नसलेले श्रेय त्यांना चिकटवणे म्हणजे त्यांच्या असलेल्या कर्तृत्वाला बाध आणणे होय. शिक्षकांनी मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

न्यूटनच्या हिशेबात एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. भरलेली बैलगाडी जागची हलवायला रिकामीपेक्षा जास्त जोर लागतो. वस्तू जितकी जड, तितकी ती हलायला नाखूश. मग जड दगड आणि हलका दगड एकाच उंचीवरून सोडले तर दोघे बरोबरच का पोचतात? तर पृथ्वी जड दगडाला नेमक्या तितक्याच पटीने जास्त ओढते, असे उत्तर मिळते. पण नेमके तितक्याच पटीने का? हा योगायोग कोणी घडवून आणला? पीस सावकाश पडते ते हवेमुळे. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर, जिथे हवा नाही तिथे, हातोडी आणि पीस एकदम सोडले. दोन्ही एकदमच जमिनीला टेकले.

या योगायोगापाशी १९०७ साली आइन्स्टाइन थबकला. तो तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे पेटंटच्या कचेरीत नोकरी करीत होता. त्याच्या मनात आले की छपरावरून पडणाऱ्या माणसाला, पडत असेपर्यंत, स्वतःचे वजन जाणवणार नाही. आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा विचार, असे त्याने पुढे या कल्पनेचे वर्णन केले. आपल्या डब्यातही हेच घडले. डबा पडत होता, वरचे पाणी पडत होते, खालचे पाणीही पडत होते, आणि सगळे सारख्याच वेगाने पडत होते. मग कोणी कोणावर भार टाकायचा? भारच नाही, म्हणून धारही नाही. डबा वर फेकला तरी हात सुटल्यावर तो आणि त्यातले पाणी एकाच चालीने चाललेले असते, त्यामुळे फरक पडत नाही. नवरात्रात कालिकेच्या यात्रेत मोठ्या पाळण्यात बसला असाल तर पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा कसा उठतो, ते आठवून पाहा. तुमचे वजन तेवढा वेळ कमी झालेले असते.

इथे एक गैरसमज दूर करतो. अंतराळवीर यानात तरंगतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसते, असे सर्रास सांगितले जाते. अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तिथेही पृथ्वीची ओढ इथल्या दहा भागांतली जवळजवळ नऊ भाग असते. ते तरंगतात, कारण यान आणि ते स्वतः अखंड पडत आहेत. आपल्या डब्याला जमीन लगेच भेटते, त्यांच्या डब्याला भेटत नाही. एवढाच काय तो फरक.

मग आपण ज्याला वजन म्हणतो ते काय? तुम्ही खुर्चीवर बसून हे भाषण वाचत असाल, तर तुम्हाला जाणवतो तो खुर्चीचा रेटा. पृथ्वी खाली ओढते हे तुम्हाला कधीच जाणवत नाही, खुर्ची वर ढकलते तेवढे जाणवते. खुर्ची काढून घेतली की जाणवणे संपते. जी ओढ पडू लागताक्षणी नाहीशी होते, ती ओढ म्हणावी तरी कशी, असा आइन्स्टाइनचा प्रश्न होता.

पण सारेच काही नाहीसे होत नाही. समजा, आपला डबा गावाएवढा मोठा आहे. त्यात दोन गोट्या एकमेकींपासून दूर, एकाच पातळीवर तरंगताहेत आणि डबा पडतो आहे. दोन्ही गोट्या पृथ्वीच्या केंद्राकडे निघाल्या आहेत, म्हणजे त्यांच्या वाटा समांतर नाहीत. नाशिकच्या ओळंब्याची दोरी आणि नागपूरच्या ओळंब्याची दोरी यांच्यात सुमारे पाच अंशांचा कोन असतो, तसेच हे. त्यामुळे गोट्या हळूहळू जवळ येतील. दोघींनाही भार जाणवत नाही, कोणी ओढत असल्याची खूण नाही, तरी त्या जवळ येतात. हे कसे?

आता नकाशा काढा. एक माणूस नाशिकहून आणि दुसरा नागपूरहून निघाला. दोघांनाही सरळ उत्तरेला चालायचे आहे, डावीउजवीकडे जराही वळायचे नाही. निघताना त्यांच्यामध्ये साधारण साडेपाचशे किलोमीटरचे अंतर आहे. वाटेत डोंगर आणि देशांच्या सरहद्दी आहेत, पण त्या आपण सोडून देऊ. साठाव्या अक्षांशापर्यंत पोचले तर त्यांच्यात तीनशेच किलोमीटर उरतील, आणि उत्तर ध्रुवावर ते एकमेकांच्या अंगावर आदळतील. दोघे शपथेवर सांगतील, "मी सरळच चाललो." न्यूटनचा शिष्य म्हणेल, त्यांच्यात आकर्षण असले पाहिजे. तुम्ही-आम्ही म्हणू, आकर्षण वगैरे काही नाही, जमीनच गोल आहे.

आइन्स्टाइनने गोट्यांबद्दल हेच म्हटले. नोव्हेंबर १९१५ मध्ये त्याने व्यापक सापेक्षतेची समीकरणे पुरी केली. पृथ्वी किंवा सूर्य यांच्यासारख्या जड वस्तू भोवतालच्या अवकाशाला आणि काळाला वाक देतात, आणि इतर वस्तू त्या वाकलेल्या अवकाश-काळात आपल्या परीने सरळच चालतात. आपल्याला ते पडणे वाटते, फिरणे वाटते.

हे शिकवताना ताणलेल्या चादरीवर जड गोळा ठेवून तिचा खड्डा दाखवण्याची पद्धत आहे. मला ती फारशी पसंत नाही. खड्ड्याकडे गोटी घरंगळते ती खाली पृथ्वी ओढते म्हणून. म्हणजे जे समजावून सांगायचे तेच आधी गृहीत धरले. शिवाय चादरीत काळ कुठेच दिसत नाही, आणि सोमेश्वरचे पाणी खाली कोसळते त्यात काळाच्या वाकण्याचा हिस्सा सर्वांत मोठा आहे.

काळ वाकतो म्हणजे काय? तर उंचावरचे घड्याळ सखल जागेच्या घड्याळापेक्षा किंचित जलद चालते. गोदावरी जिथे उगम पावते तो त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी नाशिक शहरापेक्षा सुमारे ७०० मीटर उंच आहे. दोन्हीकडे अगदी निर्दोष घड्याळे ठेवली, तर वर्षभरात ब्रह्मगिरीवरचे घड्याळ सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी दोन-अडीच भाग पुढे जाईल. इतक्याशा फरकाने कोणाची गाडी चुकणार नाही, हे खरे. पण पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिशादर्शक उपग्रह फिरतात, त्यांच्यावरची घड्याळे उंचीमुळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि निव्वळ ३८ मायक्रोसेकंद पुढे राहतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरहून अधिक जातो. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात जागेची खूण तितकी सरकत जाईल. हल्ली भूमी अभिलेखाचे मोजणीदार साखळीऐवजी रोव्हर नावाचे यंत्र घेऊन बांधावर येतात. ते यंत्र याच उपग्रहांच्या घड्याळांवर विसंबून असते. दोन भावांमधला बांधाचा वाद मिटवायला आइन्स्टाइन येतो, असे कोणी पूर्वी सांगितले असते तर आपण हसलो असतो.

सिद्धांताची पहिली जाहीर परीक्षा मात्र सूर्याने घेतली. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकलांनी वळेल, असे आइन्स्टाइनचे भाकीत होते. न्यूटनच्या रीतीने हिशेब केला तर निम्माच कोन येतो. दोन सेंटिमीटर रुंदीचे नाणे जवळजवळ अडीच किलोमीटरवरून पाहिले तर जेवढे दिसेल, तेवढा हा कोन. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात आर्थर एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले, दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये सोब्राल येथे गेली, आणि मोजमापांचा कौल आइन्स्टाइनच्या बाजूने पडला.

या एडिंग्टनांचे मार्गदर्शन लाभलेला एक मराठी तरुण १९३२ साली केंब्रिजहून परतला. विष्णु वासुदेव नारळीकर. जन्म १९०८, कोल्हापूरचा. पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून ते काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले, आणि त्या काळी जगात फार थोडे लोक ज्या विषयाकडे वळत होते, त्या सापेक्षतेचे अध्ययन त्यांनी तिथे सुरू केले. १९४२ साली गुजरातेतले प्रल्हाद वैद्य त्यांच्यापाशी काम करायला गेले. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवती अवकाश-काळ कसा वाकतो, याचे त्यांनी काढलेले उत्तर आजही वैद्यांच्या नावाने जगभर शिकवले जाते. बाहेर महायुद्ध आणि चले जाव चळवळ पेटलेली असताना काशीत कागद-पेन्सिलीवर हे काम चालले होते!

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर तर आपल्या घरोघरी ठाऊक आहेत. १९६४ साली त्यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा एक वेगळा सिद्धांत मांडला. विश्वाच्या आरंभाविषयी बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले तरी ते शेवटपर्यंत आपल्या शंका मांडत राहिले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचे ते पहिले संचालक. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या नाशकात भरले, तेव्हा अध्यक्षपदी हा खगोलशास्त्रज्ञ होता. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले. गुरुत्वाकर्षणासारखा विषय मराठीत सांगता येतो का, या प्रश्नाला त्यांची मराठी पुस्तके हेच उत्तर आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या मराठवाड्यातली. अवकाश वाकतो, तर तो थरथरतही असला पाहिजे. तळ्यात दगड पडला की लाट उठते, तसे जड तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात लहरी उठतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना अशी लहर पहिल्यांदा सापडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. ती लहर निघाली तेव्हा पृथ्वीवर ना झाडे होती ना जनावरे, आणि आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्याचा झाला तो बाहेर यायला अजून सव्वाशे कोटी वर्षे अवकाश होता.

या वेधशाळेला दुर्बीण नसते. काटकोनात ठेवलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या असतात. त्यांतून लेसरचा प्रकाश जातो, टांगलेल्या आरशांवर आपटून परत येतो, आणि दोन्ही वाटांची लांबी ताडून पाहिली जाते. लहर आली की एक वाट किंचित लांबते, दुसरी आखडते. किती? प्रोटॉनच्या रुंदीचे शेकडो भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा, इतकी. एवढी बारीक खूण रस्त्यावरचा ट्रक, वारा आणि समुद्राच्या लाटांची धडधड यांच्या गलबल्यातून निवडून काढायची रीत शोधण्यात आयुकातल्या संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. लहर सापडण्याच्या वीसहून अधिक वर्षे आधीपासून ते या कामाला लागले होते.

तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी करायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. आपल्या त्र्यंबकेश्वराप्रमाणे नागनाथही भाविकांचे ज्योतिर्लिंग, तेव्हा गाव पुष्कळांच्या पाहण्यातले असेल. शांत, न हादरणारी जमीन हवी म्हणून असा आडबाजूचा मुलूख शोधावा लागतो. मला काळजी वाटते ती वेगळीच. एवढे मोठे काम उभे राहील तेव्हा आसपासच्या गावांतली मुले तिथे फाटकावर पहारेकरी म्हणून असतील, की आत यंत्रापाशी? औंढ्याच्या, वसमतच्या, कळमनुरीच्या शाळांत आज जी पोरे 'पृथ्वी ओढते' एवढे पाठ करीत आहेत, त्यांना कोणी पडता डबा दाखवला की नाही, यावर ते पुष्कळसे ठरेल.

आता कोणी विचारील, अमेरिकेत दोन आहेत, इटलीत आणि जपानमध्येही आहेत, मग आपली कशाला? रात्री दूर कुठे ढोल वाजला तर दिशा कशी कळते? दोन कानांना आवाज किंचित मागेपुढे ऐकू येतो, म्हणून. लहरीचेही तसेच आहे. २०१५ ची लहर एका वेधशाळेला दुसरीपेक्षा सेकंदाचा सात हजारांश भाग आधी मिळाली, पण दोनच कानांमुळे ती आकाशाच्या एका मोठ्या पट्ट्यातून कुठून तरी आली, एवढेच कळले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीची वेधशाळाही जोडीला होती. तेव्हा दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची जागा बरीच नेमकी कळली, आणि काही तासांतच दुर्बिणींना तिथे उजेड दिसला. त्या उजेडाच्या अभ्यासातून असा पुरावा मिळाला की सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात. मंगळसूत्राच्या वाटीतले थोडे सोने केव्हातरी, कुठेतरी असेच घडले असावे. तो उजेड फार टिकत नाही, थोड्याच दिवसांत मंदावतो. वेधशाळा एकमेकींपासून जितक्या दूर, तितकी दिशा अधिक नेमकी ठरते आणि दुर्बिणी वेळेवर तिकडे वळवता येतात. अमेरिका, इटली आणि जपान यांच्यापासून पुरेसे लांब, पृथ्वीच्या या बाजूला, असे ठिकाण हवे होते; ते औंढ्याजवळ मिळाले.